पाच काळे मॉली आणि पाच सूर

आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या विज्ञान खोलीत तीन फुटांची काचेची टाकी आहे आणि तिच्यात पाच काळे मॉली मासे आहेत. मासा पाण्यात वरखाली झाला की समोरच्या भिंतीवरच्या स्पीकरमधून एक सूर येतो आणि टाकीबाहेर लावलेली एलईडी पट्टी रंग बदलते. गाव अमळनेर तालुक्यातलं, बोली अहिराणी. जुलै २०२४ मध्ये विषय निघाला, फेब्रुवारी २०२५ मध्ये टाकी सुरू झाली आणि खरी कसोटी त्यानंतरच्या उन्हाळ्यात लागली. मी शोधायला बसले तेव्हा मोठ्या शहरांतल्या कलादालनांचे व्हिडिओ भरपूर सापडले. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलेलं नळाचं पाणी, दुपारी जाणारी वीज, ४४ अंशांचं ऊन आणि शाळेच्या टिकाऊ वस्तूंची जडवस्तू संग्रह नोंदवही यांच्याबद्दल मात्र कुठेच काही मिळालं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात सातवीच्या एका मुलाच्या प्रश्नापासून झाली. त्याच्या शेतात ठिबकचा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. त्याने विचारलं, "मॅडम, टायमरने पाणी सुटतं, मग मासा हलला तर लाइट लागेल का?" लागेल, असं मी म्हटलं आणि घरी जाऊन वाचायला बसले. वाचता वाचता एक नियम मनाशी पक्का केला. पुढचा प्रत्येक निर्णय त्याच नियमावर घासून घेतला, म्हणून तो आधीच सांगते. माशाकडून आवाजाकडे वाट असेल, आवाजाकडून माशाकडे नसेल. आपल्या हालचालीने खोलीत काही घडतंय याचा माशाला पत्ताही लागता कामा नये. मासा त्याचं जगेल, ऐकायचं काम आपलं. मुलांच्या करमणुकीसाठी जिवंत प्राण्याला दिव्यांच्या झगमगाटात ठेवायचं असेल, तर ही टाकी करूच नये असं माझं ठाम मत आहे.

जुलैच्या अखेरीस शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय ठेवला. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे प्रश्नही पालकांचेच आले. काच फुटली तर? करंट लागला तर? सुट्टीत माशांना कोण बघणार? तिन्ही प्रश्न रास्त होते. मी तिन्हींची उत्तरं लिहून दिली आणि ती ठरावाला जोडली. हा कागद पुढे फार कामाला आला. ठरावात "मत्स्यालय" एवढाच शब्द घालू नका. "विज्ञान प्रयोग साहित्य : मत्स्यटाकी, संगणक बोर्ड, कॅमेरा व विद्युत सुरक्षा साहित्य" असं सगळं नावानिशी लिहा. नाहीतर बिलं लावताना कॅमेऱ्याचा माशांशी काय संबंध, हे पुन्हा समजावत बसावं लागतं.

पैसे दोन वाटांनी उभे राहिले. काही संयुक्त शाळा अनुदानातून आणि उरलेले लोकवर्गणीतून. वस्तू घेण्याआधी तीन दरपत्रकं लागतात. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून इलेक्ट्रॉनिक्सची दरपत्रकं सहज मिळाली. टाकी आणि मासे विकणाऱ्या छोट्या दुकानांत पक्कं बिल मिळेलच असं नाही, म्हणून ती खरेदी वर्गणीतून केली आणि सही-शिक्क्याची पावती घेतली. अनुदानाचं पेमेंट पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरून थेट दुकानदाराच्या खात्यात जातं. तेव्हा दुकानदाराचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एकच आहे ना, हे दरपत्रक घेतानाच विचारून घ्या. आमची एक फाईल एवढ्याच कारणाने परत आली होती.

कागद फिरत होते तोवर मी प्रोग्रॅमचं काम हाती घेतलं, आणि ही माझी सगळ्यात आग्रहाची सूचना आहे. एक रुपयाही खर्च करण्याआधी माशांच्या दुकानात जा, मालकाची परवानगी घ्या, मोबाईल स्टँडवर ठेवा आणि टाकीचं अर्ध्या तासाचं चित्रीकरण करा. कॅमेऱ्याने मासा ओळखण्याचा सगळा प्रोग्रॅम त्या व्हिडिओवर तयार होतो. सप्टेंबरभर मी रात्री लॅपटॉपवर तेच करत होते. पायथन येत होतं. ओपनसीव्ही ही चित्रं तपासणारी मोफत लायब्ररी नव्याने शिकले.

पहिला अडसर स्थिर माशाचा. पार्श्वभूमी वजा करण्याची प्रचलित पद्धत हलणारी वस्तू छान पकडते. पण मासा एका जागी थांबला की प्रोग्रॅम हळूहळू त्यालाच पार्श्वभूमी समजू लागतो आणि मासा गायब होतो. यावर उपाय प्रोग्रॅममध्ये शोधण्यापेक्षा टाकीत शोधणं सोपं. मागे पांढरा सनबोर्ड लावायचा आणि मासे काळे घ्यायचे. मग पांढऱ्यावरचा काळा ठिपका शोधणं एवढंच काम उरतं.

काळे मॉली निवडण्यामागे एवढंच कारण नव्हतं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, भांड्यावर पांढरा थर बसतो. टेट्रासारख्या मऊ पाण्याच्या माशांचे त्यात हाल होतात, मॉलीला जड पाणीच मानवतं. दुसरं म्हणजे उष्णता. गोल्डफिश मुलांना आवडतो, पण तो थंड पाण्याचा, खान्देशच्या मे महिन्यात त्याला कोंडणं बरोबर नाही. तिसरं कारण मला वाचनात सापडलं. गोल्डफिश, झेब्रा डॅनिओ या कुळांतल्या माशांमध्ये हवेची पिशवी आणि आतला कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना फार चांगलं ऐकू येतं. मॉलीत ती साखळी नसते. अर्थात कंपनं त्यालाही जाणवतात. म्हणून स्पीकर टाकीच्या स्टँडवर ठेवलाच नाही, समोरच्या भिंतीवर ठोकला. हवेतला आवाज पाण्यात फारच थोडा शिरतो. लोखंडी स्टँडमधून गेलेली थरथर मात्र सरळ काचेत उतरते.

१५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. खरेदीची फाईल होती तिथे थांबली आणि मला निवडणुकीची ड्युटी लागली. २० नोव्हेंबरचं मतदान, २३ ची मतमोजणी हे सगळं उरकेपर्यंत कोणाला फाईलबद्दल विचारण्यात अर्थ नव्हता. शाळेतलं काहीही आखताना निवडणुकांचं वेळापत्रक आधी पाहून ठेवा. मुलं रोज विचारायची, "मॅडम, मासे कधी?" त्यांना उत्तर देणं मला सगळ्यात जड गेलं.

नोव्हेंबरच्या अखेरीस पैसे सुटले. टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. एवढ्या टाकीत साधारण १२० लिटर पाणी मावतं, म्हणजे १२० किलो वजन नुसत्या पाण्याचं. काच, रेती, स्टँड वेगळे. बाकावर ठेवायचा विचारही करू नका. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून अँगलचा स्टँड करून घेतला आणि काचेखाली थर्माकोलची शीट घातली, म्हणजे वजन सारखं बसतं. पश्चिमेची भिंत टाळून जागा ठरवली.

विजेचं काम टाकी भरण्याआधी करून घेतलं. त्या सर्किटला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवली आणि शाळेचं अर्थिंग तपासून घेतलं. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर नेली, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खालीच ठिबकतं, सॉकेटमध्ये जात नाही. २,६०० रुपये लागले. खर्चातली ही एक ओळ कुणी कमी करायला सांगितली तरी करू नका.

मग आला पाण्याचा भाग, आणि इथे घाई चालत नाही. ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएलचं क्लोरीन असतं. ते पाणी उघड्या पिंपात हवेचा पंप लावून रात्रभर ठेवायचं, किंवा सोडियम थायोसल्फेटचे थेंब घालायचे. टाकी भरली म्हणजे टाकी तयार झाली असं नव्हे. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठा, उरलेलं खाद्य कुजून अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन्ही माशांना विषारी. हे जिवाणू स्पंज फिल्टरमध्ये वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. डिसेंबरात आमच्याकडे रात्री चांगलीच थंडी पडते, म्हणून १०० वॅटचा हीटर घ्यावा लागला. ओळखीच्या घरच्या टाकीतला जुना स्पंज आणून आत पिळला, चिमूटभर खाद्य टाकत राहिले. दर शनिवारी मुलं तपासणीचे थेंब घालून रंग वहीत नोंदवायची. नायट्राइट आधी चढलं, कितीतरी दिवस उतरेना, आणि जानेवारीच्या मध्याला शून्यावर आलं. रिकाम्या पाण्याकडे बघत मुलांनी केलेला तो अभ्यास मला आजही या सगळ्यातला सर्वांत मोलाचा वाटतो.

मासे जळगावहून थर्माकोलच्या खोक्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून रेल्वेने अमळनेरला आणले. सकाळची गाडी घ्या, ऊन चढायच्या आत पोहोचता येतं. पिशवी वीसेक मिनिटं टाकीत तरंगत ठेवली, मग थोडं थोडं टाकीतलं पाणी पिशवीत घालत गेले. पाचही माद्या मागून घेतल्या होत्या, कारण नर सतत पाठलाग करतो.

आता आवाज आणि उजेड. सगळं रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणक बोर्डावर चालतं. कॅमेरा ६४० बाय ४८० चं चित्र सेकंदाला १५ वेळा देतो, मॉलीच्या चालीला तेवढं पुष्कळ. कॅमेऱ्याचं आपोआप उजेड जुळवणं बंद करून ठेवा, नाहीतर खिडकीवरून ढग गेला की सगळे मासे हरवतात. पाण्याच्या पृष्ठभागाखाली मासा आला की त्याचं उलटं प्रतिबिंब वर दिसतं आणि प्रोग्रॅम दोन मासे मोजतो. त्यासाठी चित्राची वरची बारीक पट्टी मोजणीतून वगळली. त्या पट्टीत शिरलेल्या माशाच्या शरीराचा जो भाग खाली उरतो, तेवढ्यावरून तो ओळखला जातो.

दिव्यांची पट्टी आधी टाकीच्या झाकणात बसवायचं ठरलं होतं. कागदावर आकृती काढली आणि लक्षात आलं की हे चक्र होतंय. मासा हलणार, उजेड बदलणार, बदललेल्या उजेडात कॅमेऱ्याला मासा वेगळा दिसणार, मग पुन्हा उजेड बदलणार. आणि बिचाऱ्या माशाला पापण्या नाहीत. म्हणून टाकीतला दिवा पांढरा, स्थिर आणि टायमरवर ठेवला, दिवसातून नऊ तास. रंग बदलणारी पट्टी टाकीच्या चौकटीबाहेर, खोलीकडे तोंड करून लावली, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी. नियम पाळला की तांत्रिक अडचणही सुटते, हे इथे पहिल्यांदा दिसलं. दोन मीटर पट्टीत १२० एलईडी आहेत. प्रत्येक एलईडी पूर्ण पांढऱ्या उजेडात ६० मिलीअँपिअरपर्यंत घेते, म्हणजे ७.२ अँपिअर. त्यासाठी ५ व्होल्ट, १० अँपिअरचा वेगळा सप्लाय घेतला. रास्पबेरी पायमधून पट्टीला वीज देऊ नका, फक्त सिग्नल द्या.

एक खोच कुणी सांगत नाही. रास्पबेरी पायचं हेडफोनचं भोक आणि एलईडी पट्टीचा सिग्नल आतून एकाच यंत्रणेवर चालतात. पट्टी लावली की आवाज खरखरतो, आवाज सुरू केला की पट्टी वेडेवाकडे रंग दाखवते. यूएसबी साउंड कार्ड लावलं आणि भांडण मिटलं.

सुरांसाठी गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या आप्पांकडे गेले. मला असे सूर हवे होते जे कुठल्याही क्रमाने आले तरी कानाला टोचणार नाहीत. आप्पा लगेच म्हणाले, "भूपाचे घ्या. मध्यम नाही, निषाद नाही, भांडायला कोणी नाहीच." सा २४० हर्ट्झ धरला तर रे २७०, ग ३००, प ३६०, ध ४०० आणि तार सा ४८०. हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा मुलांनी गुणोत्तरं स्वतः काढली. मग आप्पांनीच शंका काढली, "शाळा सकाळची, भूप रात्रीचा." सकाळी हेच पाच सूर देशकार रागात येतात. भूपात गंधाराला मान आहे, देशकारात धैवताला. म्हणून दुपारपर्यंत धैवत जरा लांबतो, वरचे सूर अधिक खुले ऐकू येतात. याला राग म्हणू नये, रागाला चाल लागते आणि ती मासा देत नाही. पण आप्पांचा शब्द मला पाळायचा होता.

प्रत्येक माशाला स्वतःचा सूर द्यावा, अशी मुलांची फार इच्छा होती. ते जमत नाही. दोन काळे मासे एकमेकांसमोरून गेले की कोणता कोणता हे प्रोग्रॅमला खात्रीने सांगता येत नाही. म्हणून सूर पाण्याच्या थरांना दिले. तळाशी सा, वर वर चढत जाऊन पृष्ठभागाजवळ तार सा. मासा एका थरातून दुसऱ्यात गेला तरच सूर, आणि दोन सुरांमध्ये किमान दोन सेकंद. सुरुवातीला प्रत्येक चित्रागणिक सूर वाजवून पाहिला होता, तेव्हा अक्षरशः पत्र्यावर गारा पडल्यासारखा गलका झाला. शांततेला जागा दिली तेव्हा ऐकावंसं वाटायला लागलं.

२८ फेब्रुवारी २०२५, राष्ट्रीय विज्ञान दिनाला टाकी सगळ्यांसाठी खुली केली. एका आजीने काचेला जवळजवळ नाक लावून विचारलं, "हाऊ मासा गाना म्हनस का वं?" तिला सगळं समजावताना माझा गळा भरून आला.

दोनच दिवसांत मुलांना शोध लागला की काचेवर टिचकी मारली की मासे पळतात आणि भराभर सूर येतात. ओरडून हे थांबलं नसतं. काचेच्या कोपऱ्याला थरथर ओळखणारी दहा-वीस रुपयांची पिझो चकती चिकटवली. टिचकी बसली की अर्धा मिनिट आवाज बंद, दिवे बंद. पंपाच्या थरथरीने ती चुकून लागू नये म्हणून मर्यादा थोडी वर ठेवावी लागते. आठवडाभरात टिचक्या थांबल्या, आणि मोठी मुलं लहानांना सांगायला लागली की गप्प उभं राहिलं तरच ऐकू येतं.

एकूण खर्च असा : टाकी ४,२००, स्टँड ३,५००, रास्पबेरी पाय ५,८००, कॅमेरा १,९००, एलईडी पट्टी आणि सप्लाय १,७००, साउंड कार्डासह स्पीकर १,२००, आरसीसीबी आणि वायरिंग २,६००, फिल्टर, पंप, हीटर, रेती, तपासणीचे थेंब मिळून २,८००, छोटा यूपीएस ३,४००, मासे ३००. म्हणजे २७,४०० रुपये. यूपीएसवर फक्त हवेचा पंप आणि रास्पबेरी पाय ठेवा, हीटर नको. टाकी, कॅमेरा वगैरे जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढवलं. मासे आणि खाद्य उपभोग्य साठ्यात, कारण त्यांची संख्या बदलणार.

ती लगेच बदललीही. मार्चमध्ये टाकीत बारीक पिल्लं दिसली. मॉलीची मादी नराशी एकदा संबंध आल्यावर कित्येक महिने पिल्लं देऊ शकते, त्यामुळे दुकानातूनच ती तशी आलेली असते. ठरावीक आकाराहून लहान ठिपके प्रोग्रॅम मोजत नाही, म्हणून सुरांत फरक पडला नाही. पिल्लं मोठी होऊ लागली तशी वेगळ्या पिंपात हलवली.

एप्रिलमधली एक सकाळ मी विसरणार नाही. परिपाठ झाला आणि पाचवीतली एक मुलगी पळत आली. "मॅडम, आज सगळा मासा वरच शेतस. खालना सूरच येत नही." ती टाकीकडे बघत नव्हती, व्हरांड्यातून नुसतं ऐकत होती. आत जाऊन पाहिलं तर पाचही मासे पृष्ठभागाला तोंड लावून होते. पंपाचा रबरी पडदा फाटला होता, फुगे येत नव्हते, आणि गरम पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी विरघळतो. बॅटरीवरचा पंप लावला, थोडं पाणी बदललं. तासाभरात खालचा सा ऐकू आला आणि सगळा वर्ग ओरडला. त्यानंतर एक पडदा कायम कपाटात असतो. आता प्रोग्रॅमही पहारा देतो. दहा मिनिटं सगळे मासे वरच्या थरात राहिले की माझ्या फोनवर मेसेज येतो.

मे महिन्याच्या सुट्टीचा प्रश्न ठरावाच्या कागदानेच सोडवला. शाळेशेजारी राहणाऱ्या पोषण आहाराच्या ताईंनी रोज एक वेळ खाद्य आणि पाण्याची पातळी बघायचं कबूल केलं होतं. त्यांना लोकवर्गणीतून मानधन दिलं, तेही ठरावात होतं. पारा ४४ च्या पुढे गेला तेव्हा पृष्ठभागावर आडवा वारा जाईल असा छोटा पंखा लावला. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी शाळेच्या आरओचं पाणी घाला, कारण क्षार टाकीतच राहतात आणि बोअरचं पाणी ओतत गेलं तर ते वाढतच जातात. आठवड्याचं पाणी बदलायचं ते मात्र नेहमीचंच. सुट्टीत आवाज आणि दिवे बंद ठेवले. ऐकायला कोणी नसताना ते चालवायचं कशाला?

१६ जूनला शाळा उघडली तेव्हा पाचही मॉली होते, आणि पिंपात पिल्लं. शेजारच्या गावच्या शाळेने त्यातली पाच मागितली आहेत. पिल्लं राखून ठेवली आहेत. त्यांना कळवलंय की ठराव आणि दरपत्रकं होत राहतील, टाकी मात्र आजच भरून पाणी तयार करायला घ्या. स्पंज आमचा न्या, आणि नायट्राइट शून्य आल्याची वही दाखवा, मग मासे न्यायला या.